मांस नाही, मासा

लग्नाच्या आधी आई मला म्हणाली होती, "ज्या घरात सगळेच उपास करतात, त्या घरात डोळे उघडे ठेव, सौदामिनी. तिथं खरं उपाशी कोण आहे ते ओळखू येत नाही."

मी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेले. हसून म्हटलं, "आई, तू मला सासरी पाठवतेयस की दुष्काळात?" आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

नांदेडला आल्यावर पहिली दोन वर्षं आईचं बोलणं आठवायचं कारण पडलं नाही. धान्याच्या मोंढ्यात माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, आडत जोरात होती, घरात दुधातुपाची वाण नव्हती. अप्पांचे वडील उदगीरकडचे लिंगायत. त्यांनी सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, तरी जिभेला बाप्तिस्मा कोण देणार? घरात मांस-मच्छी तर राहोच, त्यांचं नावही कोणी घेत नसे. सासूबाई, म्हणजे अव्वा, गळ्यात लिंगाची जुनी चांदीची डबीच घालायच्या. फक्त आत लिंगाच्या जागी पवित्र मरीयेचं पदक असायचं. डबी वाया कशाला घालवायची, हा त्यांचा विचार. सिकंदराबादेत माझ्या माहेरी दर रविवारी देवळातली मिस्सा आटोपून आल्यावर मटण शिजायचं. इथं आल्यावर मी ते सोडलं आणि त्याबद्दल कोणी मला शाबासकी दिली नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं मी चोरी करायची थांबले होते, एवढंच.

घरात एकच माणूस बाप्तिस्म्यावाचून होतं. अप्पांची थोरली बहीण, पार्वतम्माआत्या. घर ख्रिस्ती झालं त्याच्या आधीच त्यांचं लातूरला लग्न झालेलं. नवरा गेल्यावर त्या भावाकडे परत आल्या, त्या आपलं लिंग गळ्यात घेऊनच. मागच्या खोलीत पहाटे तळहातावर लिंग ठेवून पूजा करायच्या आणि ती आटोपली की माझ्या गोदूला तेल लावायला घ्यायच्या. गोदू तेव्हा रांगतही नव्हती. आत्या तिला एका हातावर उभ्याउभ्या तोलून धरायच्या, दुसऱ्या हातानं तेल. माझा जीव वर-खाली व्हायचा.

"पडेल की, आत्या!"

"पडत न्हाई. ह्या हातावर तुझा नवरा वाढलाय. अन् तो हिच्याहून लई जड होता, अकलंनं सोडून."

यंदा नवे फादर आले. परदेशी माणूस, गोरापान, अंगानं काटकुळा, मराठी पुस्तकातून शिकलेला. उपासकाळाच्या तोंडावर त्यांनी स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या देवळात पहिलं प्रवचन दिलं. म्हणाले, श्रद्धा रविवारी देवळात ठेवून घरी जायची वस्तू नव्हे, ती रोजच्या जगण्यात, स्वयंपाकघरातही दिसली पाहिजे. मग ईस्टरपर्यंतचा नियम सांगायला त्यांनी बोट वर केलं आणि नेमकं मराठी क्रियापद विसरले. म्हणाले, "शुक्रवारी मांस नाही. मासा."

आणि पुढे गेले.

शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. देवळाचं छप्पर बदलायचं आहे, तोवर मरीयामातेची मूर्ती एखाद्या भाविकाच्या घरी ठेवावी लागेल. कोणाच्या, ते मी उपासकाळ पाहून ठरवीन.

अप्पांनी मान वळवून पलीकडच्या बाकावर बसलेल्या रेल्वेच्या गार्डाकडे पाहिलं. गार्डानं अप्पांकडे पाहिलं. उपासकाळ सुरू झाला.

*

पुढचं जाऊबाईंनी, कमलम्मांनी, मला स्वतःच सांगितलं. तेव्हा त्यांना त्याचा अभिमान होता.

प्रवचन संपल्यावर त्या गार्डीणबाईंच्या मागोमाग पायरीपर्यंत गेल्या. गार्डाचं कुटुंब गोव्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. त्या घरात जे होतं तेच खरं, अशी जाऊबाईंची मनातून खात्री. वरून मात्र त्या गार्डीणबाईंना "फ्राकवाली" म्हणत.

"शुक्रवारचं तुमच्यात काय असतं हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शुक्रवारी? मासाच असतो आमच्यात," गार्डीणबाई म्हणाल्या. "न चुकता."

"न चुकता?"

"माझ्या आजीपासून."

बस्स. जाऊबाई टांग्यात बसल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. घरी पोचल्यावर त्यांनी अव्वांना ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. आपण बाप्तिस्म्यापासून शुक्रवार मोडत आलो, हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की अव्वा मटकन खाली बसल्या.

रात्रीची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांची बैठक बसली.

"मासा खायचा?" अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. "आपल्यात?"

"फादरनं भर देवळात सांगितलं," माझे थोरले दीर शेषेराव म्हणाले. ते मोंढ्यात कोणाचं ऐकत नसत, पण गोऱ्या माणसाचं आणि तहसीलदाराचं ऐकत. "मांस न्हाई, मासा. चार शब्द बी न्हाईत. चुकून ऐकायला जागा कुठं हाय?"

"हुकूम म्हंजी हुकूम," जाऊबाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "अप्पा, तो हुकूम नाही, ती सवलत आहे. ज्यांना मांस सोडायचंय त्यांना मासा चालतो, असं. आपण मांस खातच नाही. आपला शुक्रवार आपोआप पाळला जातो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अमृतराव, माझे यजमान, छताकडे.

"आपोआप?" अव्वा म्हणाल्या. "आपोआप पाळून कुणी सोर्गात जातंय व्हय? मग झाडं बी जातील."

"तू खाणाऱ्यातली," जाऊबाई म्हणाल्या. "तुला सवलतच दिसणार."

"दोन बुकं जास्त शिकली म्हणून फादरच्या वर?" शेषेराव म्हणाले.

मी अमृतरावांकडे पाहिलं. ते रेल्वेत पार्सलबाबू. गाडी यायच्या वेळी रुळातून बाजूला व्हायचं शिक्षण त्यांना मिळालेलं आहे.

मग त्याच बैठकीत त्याग वाटले गेले. उपासकाळात प्रत्येकानं आवडीची एक गोष्ट सोडायची, ही जुनी रीत. अप्पांनी चहा सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून बदाम घालून आटवलेलं दूध सुरू केलं. शेषेरावांनी पानाचं पान सोडलं; चुना, कात, सुपारी आणि तंबाखू ते नुसतेच खाऊ लागले. जाऊबाईंनी सोनं उतरवून मोती घातले. मी काय सोडावं, याचा मी विचार करत होते तेवढ्यात अव्वांनी ते ठरवूनही टाकलं.

"धाकटीनं उलट बोलणं सोडावं. ते तिच्या लई आवडीचं हाय."

सगळ्यांना हे इतकं पटलं की घरात कितीतरी दिवसांनी एकमत झालं. मी तोंड उघडणार, तर जाऊबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "मोडला बघ."

दाराच्या चौकटीपाशी आत्या गोदूला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

*

पहिल्या शुक्रवारी शेषेराव स्वतः गोदेच्या काठी भोयांकडे गेले आणि पिशवी अंगापासून हातभर लांब धरून मरळ घेऊन आले. ती जिवंत होती. घरात कोणालाच तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला बोलायचं नव्हतं. अव्वांनी नाकाला पदर बांधला आणि दोडका सोलावा तशी तिची खवलं विळीवर काढायला घेतली. खवलं तुळईपर्यंत उडाली.

तो मासा त्यांनी गूळ आणि चिंच घालून आमटीसारखा केला. माणसांनी काढा घ्यावा तसा सगळ्यांनी तो डोळे मिटून घेतला. शेषेराव ओसरीच्या टोकाला जाऊन आले. अप्पा म्हणाले, "ह्याच्याहून मोठं प्रायश्चित्त जगात नसंल," आणि हे मात्र त्यांनी खरंच मनापासून म्हटलं. पुढच्या शुक्रवारपासून ते प्रार्थनेत डोळे मिटले की हळूच आपला तुकडा पाटाखाली सारायचे. जाऊबाईही. अव्वाही. त्या सबंध उपासकाळात आमच्या घरात एकच जीव लठ्ठ झाला, तो म्हणजे मांजर.

आणि आत्या?

ज्या चुलीवर मासा शिजला तिच्यावरचं अन्न आत्यांना चालणार नव्हतं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे त्यांच्याच आईबापांनाही तसंच चालत नव्हतं. पण आत्यांनी भांडण केलं नाही. पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुमचा समद्यांचा उपास हाय, तर माझा बी धरा तुमच्यासंगं."

अप्पांना गहिवरून आलं. "बघा," ते म्हणाले, "बाप्तिस्मा न्हाई, पर अक्काचं मन वळून राहिलं."

आत्या नेहमी सगळ्यांच्या मागून, आपल्या खोलीत जेवत. त्यामुळे ताट गेलं की नाही हे पाहायची कोणाला सवय नव्हती. दिवसभर चालत्या-फिरत्या असायच्या. विचारलं तर म्हणायच्या, फुटाणे खाल्ले, खजूर खाल्ला, पोट भरलं.

मला ते कळलं गोदूमुळं. एके सकाळी आत्यांनी तिला तेलासाठी घेताना आधी भिंतीला पाठ टेकली, मग खाली बसल्या, मग हात पुढे केले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. दुसऱ्या दिवशीही बसूनच. मग उचलता उचलता तेलाची वाटी त्यांच्या हातात कलली आणि गोदूच्या कपाळावर तेलाचा ओघळ आला.

"आत्या, तुम्ही जेवता का?"

"हाव. जेवते की."

"कधी?"

"तू निजलीस की."

मी रात्रभर निजत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. गोदूला सर्दी झाली तरी मी तिचा श्वास मोजत बसणारी बाई.

मी अव्वांकडे गेले. बोलणं बंद होतं, म्हणून नुसतं आत्यांच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि पोटावर हात फिरवला. अव्वा म्हणाल्या, "उपासात समदीच वाळतात. मी बघ की." अव्वांच्या चोळीची शिवण तेव्हा मी नुकतीच सैल करून दिली होती.

मग मी परसात तीन दगड मांडले, बाजारातून नवं मडकं आणलं आणि आत्यांसाठी भात चढवला. धूर पाहून अव्वा धावत आल्या.

"दुसरी चूल? माझ्या हयातीत? अगं, उद्या मोंढ्यात म्हणतील, मल्लिकार्जुनअप्पाचं घर फुटलं! गार्डाच्या कानावर गेलं म्हंजी?"

त्यांनी पायानं दगड सारले. भात जाऊबाईंनी उचलून मांजराला घातला. मांजरानं तो खाल्ला नाही. त्याला आता मासा लागत होता.

*

ईस्टरला थोडेच दिवस उरले असताना, एका शुक्रवारी दुपारी, फादर आमच्याकडे जेवायला आले. आदल्या शुक्रवारी ते गार्डाकडे जेवले होते.

घर सारवून-पुसून लखलखीत होतं. जपमाळा अशा ठिकाणी टांगल्या होत्या की आत येणाऱ्याचं डोकं त्यांना लागावं. अव्वांनी लांबून, हात पुरेल तेवढ्या लांबून, फादरांच्या पानात मासा वाढला. फादरांनी एक घास घेतला, गुळाशी त्यांची गाठ पडली, आणि ते बराच वेळ फार नम्रपणे चावत राहिले.

"आपण दर शुक्रवारी हे भक्षण करता?"

"न चुकता," जाऊबाई म्हणाल्या.

"धन्य," फादर म्हणाले. ते खरं होतं.

तेवढ्यात त्यांची नजर दाराशी गेली. आत्या गोदूला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. गालाची हाडं वर आलेली, गळ्यात चांदीची डबी. अगदी अव्वांच्यासारखीच डबी.

"या मातोश्री कोण?"

"माझी थोरली भैन," अप्पा म्हणाले.

"यांनी फार कठोर उपवास केलेला दिसतो."

त्या एका क्षणात अप्पांच्या मनात काय झालं, ते त्यांनी पुढे कधीतरी अमृतरावांजवळ बोलून दाखवलं. ते खोटं बोलायला निघाले नव्हते. त्यांना फक्त गार्डाचं घर दिसलं, त्यात मूर्ती दिसली, आणि तोंडून निघून गेलं, "हाव फादर. अक्का लई कडक करती. आमच्या समद्यांत कडक."

फादरांनी घास खाली ठेवला. "तर मग ठरले. मूर्ती याच घरी येईल. आणि ती यांच्या हातून येईल. रविवारी मिस्सामध्ये सर्वांच्या आधी मी यांनाच ख्रिस्तप्रसाद देईन."

शेषेरावांच्या तोंडातली सुपारी वाजायची थांबली. अव्वा जाऊबाईंकडे, जाऊबाई अप्पांकडे, आणि अप्पा बहिणीकडे पाहायला लागले. लहानपणी पेरू चोरल्यावर पाहत असतील तसं. जणू म्हणत होते, एका दिवसाचा प्रश्न हाय, अक्का. घासभर तर असतो.

आत्यांनी भावाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सौदामिनी, पोरीला घे. माझ्या हातात आता जोर न्हाई."

मी गोदूला घेतलं. घेताना त्यांचे हात मला पानाच्या देठासारखे लागले.

"फादर," मी म्हटलं, "आत्यांचा उपास नाही. त्या उपाशी आहेत."

"मोडला!" जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"मोडला. त्या कॅथलिक नाहीत. त्या डबीत लिंग आहे. आमच्या चुलीवर मासा शिजतो म्हणून त्या पहिल्या शुक्रवारपासून इथलं अन्न घेत नाहीत."

"पण मासा शिजवता कशाला?" फादर गोंधळून म्हणाले.

"आपणच सांगितलंत!" शेषेराव उसळले. "मांस न्हाई, मासा!"

फादरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या ओठांवर ते क्रियापद आता, एवढ्या उशिरा, येताना मला दिसलं. "चालेल," ते म्हणाले. "मासा *चालेल*. ज्यांना मांसाची सवय आहे त्यांना. तुम्ही तर मांस खात नाही ना?"

"जन्मात न्हाई."

"तर तुम्ही जन्मभर शुक्रवार पाळतच आहात."

अव्वांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर कमरेला खोचला. "म्हंजी मी इतके शुक्रवार त्या मुडद्याची खवलं उगाच काढली? केसांत निघत होती माझ्या! कमल, कोण म्हणालं होतं हुकूम हाय म्हणून?"

"मी एकटी म्हणाले व्हय? हे बी म्हणाले!"

"मी फादरचं सांगितलं!" शेषेराव म्हणाले.

"फ्राकवालीनं घात केला," जाऊबाई म्हणाल्या, आणि यावर पुन्हा एकदा घरात एकमत झालं.

या गडबडीत आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. फादर उठले, त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि हात जोडून म्हणाले, "माता, मला क्षमा करा." आत्यांना त्यांचं मराठी कळलं नसावं. त्या म्हणाल्या, "तुमी बी जेवला न्हाईत की धड. गूळ कुणी घालतं व्हय त्यात?"

जाताना फादर दारात थांबले. अप्पांना म्हणाले, "आधी यांची सोय करा. मूर्तीचे नंतर पाहू."

*

फादरांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला कळलं होतं. आत्यांनाही. पण आमच्या घरानं फादरांचा शब्द शब्दशः पाळायचं व्रतच घेतलं होतं.

"सोय करा म्हणाले," अप्पा संध्याकाळी म्हणाले.

"लातूरला त्यांच्या दिराचा पोरगा हाय की," जाऊबाई म्हणाल्या. "अण्णाराव. गोलाईच्या बाजारापाशी दुकान, चोख सोवळ्यातलं घर. तिथं मासा न्हाई, काय न्हाई."

"त्यांच्याच भल्याचं हाय," अव्वा म्हणाल्या.

"चूल नवी घालू," मी म्हटलं. "परसात. मी करीन त्यांचं. मासा आता बंदच झालाय, जुनी चूल मोडून नवी बांधली तरी..."

"उपासकाळ संपला न्हाई अजून," अव्वा ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या.

अमृतराव या वेळी छताकडे पाहत नव्हते. ते म्हणाले, "अप्पा, मी आत्याच्या हातावर वाढलो." एवढंच. त्यांच्या मानानं ते पुष्कळ होतं. अप्पा रडले. खरंच रडले. आणि रडून झाल्यावर तिकीट काढायला आणि सोय झाल्याचा निरोप फादरांना द्यायला सांगितलं.

निघायच्या दिवशी मी आत्यांच्या बोचक्यात फुटाणे बांधत होते. त्या म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून मला जावं लागलं, असं मनात आणू नको. मीच कंटाळले होते. ह्या घरात देव लई झालेत, बसायला जागा न्हाई."

मग उठून, भिंतीला धरून, त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"ती बाई इथं येणार न्हवं? मूर्तीतली?"

"हो."

"मग दिवा लावत जा तिच्यापुढं. खोली अंधारी हाय. लेकराची आई हाय ती बी."

ईस्टरला मूर्ती वाजतगाजत आली. गार्ड आणि गार्डीणबाईही आले होते, चेहरे पाडून. रिकाम्या झालेल्या खोलीला निळा रंग दिला होता आणि जिथं आत्यांची वळकटी असायची तिथं चौरंग. फादरांनी दारातून आत पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

"त्या मातोश्री?"

"सोय केली, फादर," अप्पा म्हणाले.

फादरांनी प्रवचनातल्यासारखं बोट वर केलं, ते तसंच राहिलं. बहुधा पुन्हा क्रियापद शोधत असावेत.

मी रोज दिवा लावते. गोदूला आता मीच तेल लावते, बसून, दोन्ही हातांनी धरून. मूर्तीसमोर बसल्यावर मला प्रार्थना सुचत नाही, लातूर सुचतं. परवा तिकडून मोंढ्यात एक आडत्या आला होता. अमृतरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "पार्वतम्मा? एकदम खुशीत. अण्णारावाचं घर मोठं धार्मिक. सोमवार, प्रदोष, शिवरात्र, समदं घरदार उपास करतं. म्हातारी बी त्यांच्यासंगं समदे करती, एक सोडत न्हाई."

अमृतरावांनी मला हे सांगितलं ते खूश होऊन. मी गोदूला जवळ ओढलं.

मला इथून निघता येत नाही. पोर लहान आहे आणि उलट बोलणं मी सोडलेलं नसल्यानं घरात माझी बाजू घेणारं फारसं कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणी लातूरला गेलंच, तर गोलाईपाशी अण्णारावांचं घर विचारा. कोणीही दाखवील. पुढच्या दारानं जाऊ नका, तिथं तुम्हाला प्रसाद देतील आणि बसवून घेतील. बाजूच्या बोळातून परसात जा. ख्रिस्ती घरातून आलेल्या म्हणून तिथं आत्यांना वेगळी चूल मांडून दिली आहे, असं तो आडत्या म्हणाला. त्यांना जेवलात का म्हणून विचारू नका; त्या हाव म्हणतील. नुसतं वाकून त्या चुलीला हात लावून बघा.